हातात वस्तू दिली, आता आपण किती बोलायचं? (हंगामी संग्रहालय गाईडचे अनुभव)

पाटीपेन्सिल:

नमस्कार मंडळी,

गेल्या हंगामापासून मी एका लहानशा संग्रहालयात सुट्टीच्या दिवसांपुरती गाईड म्हणून काम करते. काचेआडची दालनं आहेतच, पण माझी नेमणूक असते ती 'हात लावून बघा' टेबलापाशी. टेबलावर टकळी (सूत काढायची छोटी चाती) आणि पेळू (पिंजलेल्या कापसाची वळी), हाताने फिरवून वीज तयार करायचं छोटं जनित्र, दगडी हातकुऱ्हाडीची (दांडा नसलेल्या, मुठीत धरायच्या आदिम हत्याराची) प्रतिकृती आणि जुन्या छापखान्यातले खिळे (छपाईची सुटी अक्षरं). येणाऱ्याने वस्तू उचलायची, फिरवायची, वापरून बघायची आणि मी सोबत करायची, असं कामाचं स्वरूप.

रुजू होताना प्रत्येक वस्तूची माहिती छापलेले कागद मिळाले होते. मी ते तोंडपाठ केले आणि टेबलाशी कुणी थांबलं की सगळं सांगत सुटायचे. लोक ऐकायचे, मान डोलवायचे, पुढे जायचे. मला वाटायचं, छान चाललंय.

मग एक दिवस नऊ-दहा वर्षांची एक मुलगी आली. टकळी घेऊन बसली. सूत तुटलं. पुन्हा जोडलं, पुन्हा तुटलं. चार-पाच वेळा झालं. ओठ घट्ट मिटलेले, नजर टोकावर. मागे रांग वाढत होती. मी म्हटलं, "थांब, मी दाखवते," आणि तिच्या हातातून टकळी घेतली. सुरेख लांब सूत काढून दाखवलं. ती "थँक्यू" म्हणाली आणि निघून गेली. टकळी परत हातात घेतली नाही.

हंगाम संपून बरेच महिने झाले, तरी तो क्षण माझ्या डोक्यातून जात नाही. नवा हंगाम दोन आठवड्यांवर आलाय. ज्यांनी हे काम केलंय, किंवा जे अशा ठिकाणी मुलांना घेऊन जातात, त्यांना विचारते: वस्तू समोरच्याच्या हातात गेल्यावर आपण किती बोलायचं? मदत कधी करायची आणि कधी नाही?

मोरपीस:

फार छान विषय. वाचतेय.

रानवारा:

पाटीपेन्सिल, ते टकळी काढून घेणं आम्ही सगळ्यांनी कधी ना कधी केलेलं आहे. मी सहा हंगाम विज्ञान दालनात काढले. पहिल्या हंगामात मीही नुसता बोलत होतो.

माझ्या वरिष्ठ सहकाऱ्याने मला एकच गोष्ट शिकवली: हात पाठीमागे बांधून उभं राहा. खरोखर बांधायचे, एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरायचं. मग वस्तू हिसकावून घेण्याआधी तुम्हाला स्वतःचाच हात सोडवावा लागतो, आणि तेवढ्या वेळात समोरचं पोर पुढची खटपट करून मोकळं होतं.

दुसरं म्हणजे प्रश्न विचारल्यावर थांबणं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बाईंनी विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण ऐकून ऐकून यावर काम केलं. त्यांना आढळलं की प्रश्न विचारून झाल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलायला लागतात. तो थांबा तीन सेकंदांवर किंवा त्याहून पुढे नेला की मुलांची उत्तरं लांबतात, "माहीत नाही" कमी होतं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. १९७० च्या दशकातली ही गोष्ट. मी मनात एक-दोन-तीन-चार मोजतो. पहिले काही दिवस ते चार आकडे संपता संपत नाहीत, मग सवय होते.

तुमच्या टेबलावर जनित्र आहे म्हणून सांगतो. मी आधी दिवा न जोडता दांडा फिरवायला देतो. भुरभुर फिरतो. मग म्हणतो, "डोळे मीट आणि फिरवत राहा." आणि हळूच दिव्याचं बटण चालू करतो. दांडा एकदम जड होतो. डोळे मिटलेलं मूल हमखास ओरडतं, "कुणीतरी धरलं!" डोळे उघडून बघतं तर कुणी धरलेलं नाही, फक्त दिवा लागलाय. मी तोंड उघडत नाही. तेच बटण बंद-चालू करत बसतं आणि दोन मिनिटांत सांगतं की दिवा लागला की जड, विझला की हलकं. दिव्याला लागणारी ऊर्जा आपल्याच दंडातून जाते, हे ते मूल बोलायच्या आधी त्याच्या दंडाला कळलेलं असतं. जनित्राच्या तारेच्या वेटोळ्यातला प्रवाह स्वतःला निर्माण करणाऱ्या हालचालीलाच विरोध करतो, हे वाक्य मी त्यानंतर सांगतो. तेव्हा ते पटकन आत जातं.

गणिताची_वही:

रानवारा, तुमचा प्रयोग आवडला, पण मला एकंदर मुद्दा पटलेला नाही.

मी भाच्यांना घेऊन अशा बऱ्याच जागी गेलो आहे. मुलं बटण दाबतात, काहीतरी हलतं, पुढच्या बटणाकडे पळतात. दोन तासांनी बाहेर आल्यावर "काय पाहिलं?" तर "मज्जा आली." काय कळलं? काही नाही. शेजारी गाईड उभा असतो, तो हसून बघत असतो, कारण त्याला सांगून ठेवलंय की मुलांना स्वतः शोधू द्या. अहो, जे शोधायला मोठमोठ्या शास्त्रज्ञांची हयात गेली ते सात वर्षांचं मूल चार मिनिटांत कसं शोधेल? सांगणारा माणूस हवा. नीट, सोपं करून, उत्साहाने सांगणारा. तो नसेल तर ती नुसती खेळण्यांची खोली.

आडवाट:

गणिताची_वही, बटणाबद्दल शंभर टक्के सहमत. बटण दाबून नुसतं बघायचं आणि वस्तू हाताळून बघायचं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बटण दाबल्यावर मुलाच्या हातात काहीच उरत नाही. टकळीत किंवा रानवारांच्या दांड्यात प्रत्येक वेळी वेगळं काहीतरी घडतं, म्हणून मूल थांबतं.

चष्मिष्ट:

थोडा इतिहास, कारण ही चर्चा बरीच जुनी आहे.

बर्लिनमध्ये १८८८ साली उरानिया नावाची संस्था सुरू झाली. तिथे लोक स्वतः प्रयोग चालवून बघत. म्युनिकचं डॉइचेस म्युझियम ऑस्कर फॉन मिलर यांनी १९०३ मध्ये स्थापन केलं, त्याची आजची इमारत १९२५ मध्ये उघडली. तिथेही दांडे फिरवायला आणि बटणं दाबायला होती. म्हणजे 'हात लावा' काही काल-परवा आलेलं नाही.

पण या धाग्याच्या दृष्टीने सगळ्यात जवळची गोष्ट सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियमची. ते १९६९ मध्ये फ्रँक ओपेनहायमर यांनी सुरू केलं. हे अणुबॉम्बवाल्या रॉबर्ट ओपेनहायमर यांचे धाकटे भाऊ, स्वतः भौतिकशास्त्रज्ञ. पूर्वीच्या कम्युनिस्ट सदस्यत्वापायी १९४९ मध्ये विद्यापीठातली नोकरी गेली, मग कोलोरॅडोत गुरं राखली, पुढे तिथल्याच शाळेत मुलांना विज्ञान शिकवलं. संग्रहालय काढलं तेव्हा त्यांनी गाईड म्हणून तज्ज्ञ प्राध्यापक नेमले नाहीत. शाळा-कॉलेजच्या वयाची मुलं-मुली पगार देऊन घेतली आणि त्यांना नाव दिलं 'एक्सप्लेनर'. ज्याला नुकतंच कळलंय तो जास्त चांगला सोबती होतो, कारण आपण कुठे अडलो होतो हे त्याला अजून आठवत असतं.

तेव्हा पाटीपेन्सिल, तुमचं नवखेपण ही जमेची बाजू आहे. टकळीवर तुमचं स्वतःचं सूत पहिल्यांदा कधी तुटलं ते आठवा. बहुतेक त्याच जागी त्या मुलीचं तुटत होतं.

पाटीपेन्सिल:

चष्मिष्ट, तुमची शेवटची दोन वाक्यं वाचली आणि घरातली टकळी काढली. अगदी बरोबर. माझंही तिथेच तुटायचं. पीळ पुरेसा बसायच्या आधी मी पेळू ओढायचे. पीळ बारीक जागी आधी धावतो, जाड जागा पोकळच राहते आणि तिथून तंतू निसटतात. ती मुलगी नेमकं तेच करत होती. मी तिला एवढंच विचारायला हवं होतं, "तुटायच्या जरा आधी सूत कसं दिसतं बघ बरं?"

मोरपीस:

आई गं. हा प्रश्न किती सुंदर आहे.

उंबरठा:

आई-वडिलांबद्दल कुणीच बोललं नाही अजून. आमच्याकडे निम्मी अडचण तीच असते. मुलाला प्रश्न विचारला की उत्तर बाबा देतात. वस्तू मुलाच्या हातात दिली की आई म्हणते, "असं नाही रे, इकडे दे." तुम्ही पाठीमागे हात बांधून उभे राहाल हो, त्यांचे हात कोण बांधणार?

मी त्यांनाही काम देते. हातकुऱ्हाड असेल तर दोघांच्या हातात एकेक प्रतिकृती. "डोळे मिटा, फिरवत राहा, हातात नीट बसली की थांबा." मग विचारायचं, "अंगठा कुठे आला?" मुलाचा एका जागी येतो, आईचा दुसऱ्या. डावखुऱ्या माणसाचा तिसरीकडेच. मग दोघं एकमेकांचे हात बघायला लागतात आणि माझ्याकडे कुणाचं लक्ष राहत नाही. अशा कुऱ्हाडी सुमारे १७ लाख वर्षांपूर्वीपासून माणसाचे पूर्वज घडवत होते, हे मी तेव्हा सांगते, वस्तू त्यांच्या मुठीत असताना. एका आजोबांनी हे ऐकल्यावर मूठ उघडली नाही. बराच वेळ तसेच उभे होते.

रानवारा:

उंबरठा, दोघांना वस्तू द्यायची कल्पना ढापतोय.

बोरूवाला:

खिळे हा शब्द वाचून लॉगिन केलं. माझी पंचवीस वर्षं खिळे जुळवण्यात गेली. जुळारी होतो.

आधी एक काळजीची गोष्ट. छापखान्याचे खिळे शिसं, कथील आणि अँटिमनी यांच्या मिश्रणाचे असतात. त्यात शिसंच जास्त. लहान मुलं हात तोंडात घालतात. तुमच्या टेबलावर धातूचे खिळे असतील तर मुलांना ते देऊ नका. मोठ्यांनी हाताळले तरी नंतर साबणाने हात धुवायलाच हवेत. जुने खिळे पांढरी भुकटी धरतात, तसे असतील तर टेबलावर ठेवूच नका. पोस्टरसाठी लाकडी अक्षरं वापरायचे, ती मुलांसाठी उत्तम. मोठी असतात, पकडायला सोपी.

आता मूळ प्रश्न. अक्षर हातात घेतलं की मूल म्हणतं, "हे उलटं आहे, चुकलंय." तिथे आपण 'छापल्यावर सुलटं होतं' असं म्हणायचं नाही. शाई लावून द्यायची, कागद द्यायचा. दाबू द्या. कागद उचलताना त्याचा चेहरा बघा. मग त्याला स्वतःचं नाव जुळवायला सांगा. अक्षरं उलटी आहेत हे कळलेलं असतं, पण नावाचा क्रमही उलटा लावावा लागतो हे पहिल्या खेपेला कुणाच्याच ध्यानात येत नाही. नाव उलट्या क्रमाने छापून येतं. आणि ते हसत हसत पुन्हा जुळवायला घेतात. मी नवा होतो तेव्हा माझ्या गुरूने मला अशीच एक ओळ चुकू दिली होती. शेजारी उभा राहून विडी... नाही, ते जाऊ दे. शेजारी उभा होता, बोलला नाही. ती ओळ मला अजून पाठ आहे.

पाटीपेन्सिल:

बोरूवाला काका, मनापासून आभार. आमचे खिळे धातूचे आहेत. आजच वरिष्ठांना कळवलं. काचेच्या डबीत बंद करून ठेवायचे आणि हाताळायला लाकडी अक्षरं मागवायची असं ठरतंय.

मृद्गंध:

मी संग्रहालयातच आहे, पण जतन विभागात. आमचं काम तुमच्या नेमकं उलट, कुणी हात लावू नये म्हणून जीव टाकायचा. तळहाताचा घाम, क्षार, तेलकटपणा यांनी धातूवर डाग पडतात. रोममधल्या सेंट पीटर्स बॅसिलिकात सेंट पीटरचा ब्राँझचा पुतळा आहे, शतकानुशतकं भाविकांनी पायाला हात लावून लावून त्या पावलाची बोटं झिजून गुळगुळीत झाली आहेत. एकेक स्पर्श नगण्य, सगळे मिळून ब्राँझ झिजवतात.

म्हणून मी प्रतिकृतींच्या बाजूची. पण प्रतिकृती आहे हे सांगा. मुलं पहिला प्रश्न "हे खरं आहे का?" हाच विचारतात. "हो" म्हणून निसटू नका. "ही नक्कल आहे, खरी त्या काचेआड आहे, जा आणि दोन्ही सारख्या आहेत का ते सांग" म्हटलं की मूल काचेपाशी जाऊन एरवी बघणार नाही इतकं बारकाईने बघतं.

आडवाट:

मृद्गंध, याला थोडा विरोध. खऱ्या वस्तूचं वजन, गारवा, झीज प्रतिकृतीत येत नाही. ब्रिटिश म्युझियमच्या काही दालनांत अशी टेबलं आहेत, तिथे प्रशिक्षित स्वयंसेवकांच्या देखरेखीत संग्रहातल्या खऱ्या वस्तू हातात देतात. जास्तीच्या किंवा मजबूत वस्तू निवडून हे करता येतं. सगळं काचेआड हाही एक तोटाच.

मृद्गंध:

निवडून आणि सोबत माणूस ठेवून, हे मान्य. तो माणूस म्हणजेच पाटीपेन्सिल. वस्तू टेबलापासून फार वर उचलू द्यायची नाही, खाली मऊ कापड हवं, आणि एका हातातून दुसऱ्या हातात देण्याऐवजी टेबलावर ठेवून दुसऱ्याने उचलायची. निम्म्या वस्तू त्या देवघेवीत पडतात.

आडवाट:

आता मी थांबलेला एक अनुभव लिहितो.

एक दृष्टिहीन गृहस्थ आले होते, पत्नीसोबत. मी जुन्या सुतारी हत्यारांपाशी होतो. माझी पहिली ऊर्मी होती त्यांचा हात धरून रंध्यावर ठेवायची. पत्नीने मला हळूच सांगितलं, "तुमचा हात वस्तूवर ठेवा, ते तुमच्या हातावरून उतरतील." तसं केलं. त्यांचा हात माझ्या मनगटावरून बोटांवर, बोटांवरून मुठीवर आला आणि मग मी माझा काढून घेतला. त्यांनी मूठ चाचपली. अंगठा एका खोलगट जागी गेला आणि तिथेच थांबला. म्हणाले, "हा माणूस उजवा होता. आणि अंगठा इथे दाबत असे." मी त्या हत्याराशेजारी दोन हंगाम उभा होतो. ती खोलगट जागा मला कधी दिसली नव्हती.

त्या दिवसापासून मी कुठलीही नवी वस्तू आली की आधी डोळे मिटून हाताळतो, मगच माहितीचा कागद वाचतो.

उंबरठा:

आडवाट, अंगावर काटा आला.

मोरपीस:

अवांतर: तुम्ही सगळे दिवसभर उभं कसं राहता? मी अर्ध्या तासात बाकडं शोधते.

चष्मिष्ट:

मोरपीस, त्याला नावही आहे, 'म्युझियम फटीग'. बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्ये यावर लिहिलं. नीट बघण्यासाठी लोकांना किती वाकावं, ओणवावं लागतं याचे फोटोच काढले त्यांनी. बऱ्याच कपाटांची मांडणीच चुकीची, असं त्यांचं म्हणणं. गाईडच्या टेबलालाही ते लागू आहे. टेबल मोठ्यांच्या उंचीचं असेल तर मूल टाचा उंचावून थकतं आणि निघून जातं, आपण समजतो त्याला रस नाही.

रानवारा:

आणि आवाज जपा. पहिल्याच आठवड्यात माझा घसा बसला होता. गोंगाटावर चढून बोलू नका, उलट गटाला जवळ बोलवा. दर फेरीनंतर पाण्याचे दोन घोट. कमी बोलण्याचा हा फायदा वेगळाच.

निळी_शाई:

सगळे कामाच्या आनंदाबद्दल लिहिताहेत, मला दुसरी बाजू मांडायची आहे. मी चार हंगाम एका ठिकाणी केले. प्रशिक्षणाचे दिवस पगारात धरले जात नसत. प्रत्येक हंगामाच्या शेवटी जे शिकलो ते सांगायला कुणी बोलवत नसे. हंगाम संपला की कार्ड परत द्यायचं, पुढच्या वर्षी नवे चेहरे आणि तेच छापील कागद. लोक कुठे अडतात, कुठल्या प्रश्नावर डोळे चमकतात, हे सगळं आमच्याबरोबर दाराबाहेर जायचं. पाटीपेन्सिल, प्रशिक्षणाचे दिवस, तास, सुट्ट्या हे सगळं लेखी घ्या. आणि एक वही ठेवा, पुढच्या माणसाला द्या. व्यवस्थेने नाही मागितली तरी.

बोरूवाला:

निळी_शाई, वहीचं लाख मोलाचं बोललात.

गणिताची_वही:

सगळे प्रतिसाद वाचले. आडवाटांचा दोनदा वाचला. माझं मत थोडं सरकलंय, पण एक प्रश्न उरतोच. मग सांगायचं तरी कधी? रानवारा शेवटी सांगतात, उंबरठा वस्तू मुठीत असताना सांगतात. न सांगता सोडून देणं कुणाच्याच लिहिण्यात नाही. मग माझ्या भाच्यांना नुसते हसून बघणारे गाईड का भेटतात?

रानवारा:

कारण गप्प बसणं म्हणजे लक्ष काढून घेणं, असं त्यांना वाटत असावं. मी बोलत नसतो तेव्हा सगळ्यात जास्त काम करत असतो. हाताकडे बघतो, कपाळाकडे बघतो. मूल तीच चूक तिसऱ्यांदा, त्याच पद्धतीने करायला लागलं की प्रश्न विचारतो. वस्तू खाली ठेवायला हात वळला की लगेच एक छोटा धागा देतो, "आता हे उलट फिरवून बघ." आणि त्याने "का?" विचारलं की मग जेवढं माहीत आहे तेवढं मन लावून सांगतो. तुमच्या भाच्यांना घेऊन याल तेव्हा त्यांच्या 'का'ची वाट बघेन.

गणिताची_वही:

हे पटलं. धाकट्याचे 'का' संपत नाहीत, तयारीत राहा.

पाटीपेन्सिल:

हंगाम सुरू होऊन आठ दिवस झाले. धागा वर काढते.

टेबल खाली घेतलंय. लाकडी अक्षरं आली. दोन टकळ्या जास्तीच्या मागून घेतल्या, त्यामुळे आई-बाबाही बसतात आणि त्यांचंही सूत तुटतं. निळी_शाई, वही सुरू केली, अकरा पानं भरली. कंत्राटात प्रशिक्षणाचे दिवस लिहून घेतले.

काल दुपारी एक मुलगा बसला होता, बारा-तेराचा, कुणाशी न बोलणारा. टकळीचं टोक वाटीत टेकवून फिरवत होता. सूत तुटलं. माझे हात पाठीमागे होते. पुन्हा तुटलं. मनात चार मोजले. तिसऱ्यांदा तुटल्यावर विचारलं, "तुटायच्या जरा आधी कसं दिसतं?" त्याने मान वर केली नाही. पुढच्या वेळी पेळू धरलेला हात मध्येच थांबवला, टकळीला आणखी दोन गिरक्या दिल्या, पीळ वर चढताना बघत राहिला आणि मगच ओढलं. वीतभर सूत निघालं. मग हातभर.

त्याने ते तोडून बोटाला गुंडाळलं आणि मला विचारलं, "हे मी नेऊ का?"